घरची मोडलेली पायरी

घर बांधावयाचें ठरलें म्हणजे देवघराचें तोंड कोणत्या दिशेस असावें, माजघरांत उजेड कोठून यावा, स्वयंपाकघराचा धूर कोणीकडे जावा, यांविषयीं घरांतील वडील मंडळी महिनेच्या महिने खल करीत बसतात. परंतु पायरीविषयीं कोणीं तोंडांतून अवाक्षर काढल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. ती गवंड्यानें आपल्या मनास येईल तशी बांधावी आणि घरच्यांनीं तिच्यावर जन्मभर पाय द्यावा, असा जणूं संकेतच होऊन बसला आहे. पुढें तिची कड उडाली, तिला भेग गेली, तरी "तेवढ्या पायरीवर जपून बरें का!" एवढें आल्यागेल्यास सांगितलें कीं आपलें कर्तव्य संपलें असें आपण मानतों. मीहि तसेंच मानीत आलों होतों. त्या समजुतीचें प्रायश्चित्त माझ्या वडील वहिनींच्या उजव्या मनगटास घ्यावें लागलें, आणि त्यांत अपराध सर्वस्वीं माझा होता. ज्याचा जन्म मुलांकडून शब्दरूपें व धातुरूपें पाठ करून घेण्यांत गेला, त्यानें गवंडीकामावर लेखणी चालवावी हें वाचकांस विचित्र वाटेल. परंतु ठेंच ज्याला लागली त्यानें वाटेवरचा दगड इतरांस दाखवावा, यांत अधिकारापेक्षां कर्तव्याचाच भाग अधिक आहे.

पायऱ्यांची हकीकत

आमचें घर वाईस आहे. पुढील दारच्या पायऱ्या काळ्या दगडाच्या, पणजोबांच्या वेळच्या. मधोमध झीज लागून त्यांना उथळ बशीसारखा आकार आला आहे, परंतु एकीचाहि टवका उडालेला नाहीं. मागील दारीं परसांत उतरावयास मात्र मातीचा एक उतार होता, व पावसाळ्यांत त्यावरून घसरणें हा आम्हां मुलांचा नित्याचा खेळ असे. तेथें वडिलांनीं १९७४ सालीं काँक्रीटच्या तीन पायऱ्या घालून घेतल्या. ते दिवस सिमेंटच्या टंचाईचे होते. सिमेंटवरील सरकारी नियंत्रण १९८२ सालीं अंशतः आणि १९८९ सालीं पूर्णपणें उठलें. तत्पूर्वीं अर्ज करावा, परवान्याची वाट पहावी आणि जें हातीं पडेल त्यांत भागवावें, अशी स्थिति होती. वडिलांना दोन पोतीं मिळालीं. तेवढ्यांत तीन पायऱ्या बसवावयाच्या म्हणून गवंड्यानें वाळूचा हात सैल सोडला. कडा उडूं नयेत म्हणून वडिलांनीं लोहाराकडून लोखंडी पट्ट्या करवून त्या प्रत्येक पायरीच्या कडेस बसविल्या. त्या पट्ट्यांचें त्या वेळीं आम्हांला मोठें कौतुक वाटे.

पुढें चाळीस वर्षांनीं त्याच पट्ट्यांनीं घात केला. लोखंड गंजलें म्हणजे फुगतें. गंजाचें आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक, कित्येकदां तर अनेक पट होतें. वरून पाऊस आणि खालून ओल, यांनीं आंतल्या आंत फुगलेल्या पट्टीनें काँक्रीटची कड बाहेर लोटून दिली. कुंपणानेंच शेत खावें तसा हा प्रकार झाला. प्रथम केसासारखी भेग दिसली, मग तीतून तांबूस ओघळ आला, मग बोटभर टवका गेला, आणि एके दिवशीं वीतभर लांबीचा तुकडाच निसटून अंगणांत पडला. घरच्या सर्वांनीं या गोष्टीची दखल घेतली. पण ती पायांनीं घेतली. मुलें उडी मारून जाऊं लागलीं, सुना डाव्या अंगानें उतरूं लागल्या, आणि मी भिंतीस हात लावून चालूं लागलों. "ही पायरी नीट केली पाहिजे" असें मात्र एकानेंहि म्हटलें नाहीं. एकत्र कुटुंबांत जें काम सर्वांचें तें कोणाचेंच नसतें, याला याहून दुसरें उदाहरण शोधावयास नको.

माझी चूक

२०२३ च्या गणेशोत्सवास आठ दिवस उरले असतां मला एकाएकीं त्या पायऱ्यांची लाज वाटूं लागली. चार माणसें घरीं येणार, मागील दारीं हातपाय धुवावयास जाणार, तीं काय म्हणतील? मीं एका गवंड्यास बोलाविलें. त्यानें पायरी पाहून सांगितलें कीं, कड फोडून काढावी लागेल आणि पुढें आठदहा दिवस पाणी मारावें लागेल. मीं म्हणालों, "फोडाफोडीस आतां वेळ नाहीं. खालची पायरी अगदींच वाईट दिसते, तेवढीवर एक हात फिरवा म्हणजे झालें." त्यानें दोनदां मान हलविली आणि मग गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणें काम करून दिलें. सर्वांत खालच्या पायरीवर इंचभर जाडीचा थर चढला. घोटून ती आरशासारखी गुळगुळीत झाली. तिसऱ्या दिवसापासून तिच्यावरून येजाहि सुरू झाली. सणांत दोघांतिघांनीं तिची वाखाणणी केली, आणि मीं ती आनंदानें ऐकून घेतली.

दिवाळीपर्यंत त्या थराला जाळ्यासारख्या भेगा पडल्या. मार्गशीर्षांत एका सकाळीं वहिनी नित्याप्रमाणें हातांत पाण्याचा तांब्या घेऊन तुळशीकडे निघाल्या, आणि शेवटच्या पायरीवरून उतरतांना तोल जाऊन पडल्या. त्यांना बहात्तरावें वर्ष चालू होतें. या घरांत आल्यापासून तुळशीला पाणी घालण्याचा त्यांचा नेम पन्नास वर्षांत क्वचितच चुकला असेल. मनगटाचें हाड मोडलें. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्यें राहिला, आणि त्याहून वाईट म्हणजे पायांतला धीर गेला. हात बरा होत आला तरी त्या मागील दाराच्या उंबऱ्यापर्यंत येत व तेथूनच तुळशीस नमस्कार करून परत फिरत. मला त्यांनीं दोष दिला नाहीं. एकदां फक्त विचारलें, "भाऊजी, पायरी उंच झाली, कीं माझे पाय आंखूड झाले?"

त्या प्रश्नाचें उत्तर माझ्या पुतण्यानें दिलें. तो स्थापत्यशास्त्राचा पदवीधर असून पुण्यास नोकरीस असतो. सुटीस आला तेव्हां त्यानें मापाची पट्टी घेऊन तिन्ही पायऱ्या मोजल्या. मूळ प्रत्येक पायरी साडेसहा इंच उंच होती. खालच्या पायरीवर इंचभर थर चढल्यामुळें मधलीवरून तिच्यावर उतरावयास साडेपांच इंच आणि तिच्यावरून अंगणांत उतरावयास साडेसात इंच झाले. थर एकच इंचाचा, पण लागोपाठच्या दोन पावलांत दोन इंचांचें अंतर पडलें! माणूस जिना डोळ्यांनीं उतरत नाहीं, सवयीनें उतरतो. पहिल्या एकदोन पायऱ्यांचें माप पाय घेतात आणि पुढचें सगळें त्या मापावर विश्वासून चालतात. म्हणूनच घरगुती जिन्याची पायरी १९ सेंटिमीटर, म्हणजे साडेसात इंचांहून उंच नसावी आणि पाय ठेवण्याची जागा २५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारें दहा इंचांहून कमी नसावी, असें राष्ट्रीय बांधकाम संहितेंत सांगितलें आहे. परंतु या दोन्ही मापांहून, सर्व पायऱ्या परस्परांशीं सारख्या असणें हें अधिक महत्त्वाचें. फुटकी पायरी दिसते तरी, म्हणून माणूस जपतो. माझी पायरी गुळगुळीत होती, म्हणून वहिनी पडल्या.

"काका," पुतण्या म्हणाला, "ही पायरी दुरुस्त झालीच नव्हती. ती नुसती झांकली गेली होती." वर्गांत चुकलेलें अक्षर न पुसतां त्यावरच गिरवणाऱ्या मुलांना मीं जन्मभर जें सांगितलें, तेंच मला माझ्या घरांत ऐकावें लागलें.

आधीं परीक्षा

माघांत आम्हीं काम हातीं घेतलें. हवा थंड होती, ऊन कोंवळें होतें. वैशाखाच्या उन्हांत किंवा भर पावसांत हें काम करूं नये. या खेपेस एक वृद्ध गवंडी आला. त्यानें पिशवींतून पहिल्यानें हातोडी काढली, पण ती फोडण्यासाठीं नव्हे. गुडघे टेंकून तो पायरीवर तसूतसूवर हलकेच ठोके देत गेला आणि कान लावून ऐकत गेला. जेथें काँक्रीट घट्ट तेथें खणखणीत आवाज येई. जेथें तें सुटलेलें तेथें बद्द आवाज येई. अशा सर्व जागा त्यानें खडूनें आंखल्या. डोळ्यांना जेवढी मोड दिसत होती तिच्या दुपटीनें खडूची रेघ फिरली. माझ्या शाळकरी नातवालाहि दहा मिनिटांत तो आवाज ओळखतां येऊं लागला. वाचकांनीं आपल्या घरीं ही परीक्षा अवश्य करून पहावी. तिला खर्च नाहीं.

भेगांचेहि प्रकार आहेत. वरच्या पृष्ठावरची जाळीदार बारीक भेग ही बहुधा घाईनें वाळल्याची खूण असते. कडेशीं समांतर आणि तांबूस डाग असलेली भेग आंतील लोखंड गंजल्याचें सांगते. परंतु पायरीच्या आरपार गेलेली, दोन बाजू खालींवर झालेली, किंवा दर पावसाळ्यांत वाढणारी भेग ही पायरीची नसून तिच्या खालच्या भूमीची तक्रार असते. तेथें वरून कितीहि भरलें तरी व्यर्थ. आधीं पाणी कोठें मुरतें तें शोधून माती दाबून घेतली पाहिजे. तसेंच माडीवर जाणारा काँक्रीटचा जिना अधांतरीं असतो व सर्व भार आंतील लोखंडी सळ्यांवर असतो. अशा जिन्याच्या खालच्या अंगाचे पापुद्रे पडून सळ्या उघड्या दिसूं लागल्या, तर तें काम जाणत्या अभियंत्यास दाखविल्यावांचून हातीं घेऊं नये. पुढें जें सांगतों तें जमिनीवर घट्ट बसलेल्या, घरच्या चार पायऱ्यांपुरतें समजावें.

काढावें तेवढें थोडें

म्हाताऱ्यानें प्रथम मागच्या वर्षीं चढविलेला थर काढावयास घेतला. छिन्नीचा एक ठोका बसतांच तो परातीएवढ्या पापुद्र्यांनीं सुटून आला. खालीं जुन्या पायरीवरची धूळ व शेवाळ जशीच्या तशी होती. "गुरुजी, कच्च्यावर पक्कें बसत नाहीं," एवढेंच तो म्हणाला. मग त्यानें कडेच्या तिन्ही लोखंडी पट्ट्या उपटून काढल्या. वडिलांनीं हौसेनें बसविलेल्या त्या पट्ट्या टोंपलींत पडतांना पाहून मला क्षणभर वाईट वाटलें. पण त्या हातांत घेतल्या तों निम्म्या गंजाच्या पापुद्र्यांनीं भरलेल्या होत्या.

पोकळ भाग काढतांना तीन गोष्टी त्यानें कटाक्षानें पाळल्या. पहिली, खणखणीत आवाज लागेपर्यंत थांबावयाचें नाहीं. दुसरी, खांचेच्या बाजू उतरत्या न ठेवतां उभ्या व सरळ कापावयाच्या. कारण उतरत्या बाजूवर नवा माल कडेशीं कागदासारखा पातळ होतो आणि तोच प्रथम उडतो. तिसरी, खोली निदान इंचभर तरी असावयाची. कडेच्या ठिकाणीं आम्हीं ती दोन इंच घेतली. राहिलेल्या घट्ट पृष्ठावर त्यानें छिन्नीनें टाचे मारले, म्हणजे नव्याला धरावयास जागा झाली. नंतर तारेच्या ब्रशानें घांसून, झाडून, पाण्यानें धुवून सर्व चूर काढून टाकला. आंत सळई असेल तर ती गंज जाऊन धातु दिसेपर्यंत घांसावी व तिच्यावर गंजरोधक लेप द्यावा. ती फारच खाल्ली गेली असेल तर जोडीस नवी घालावी. आमच्या येथें जेथें मोठा तुकडा गेला होता, तेथें पुतण्यानें जुन्या काँक्रीटमध्यें भोंकें पाडून न गंजणाऱ्या पोलादाचे आंखूड खिळे बसविले, म्हणजे नवी कड जुन्या अंगास खिळली.

या कामांत उडणारी धूळ फुप्फुसांस फार वाईट, म्हणून नाकातोंडावर धूळ अडविणारी जाड पट्टी बांधावी, डोळ्यांस चष्मा असावा आणि फोडतांना थोडें पाणी शिंपडीत जावें. ओल्या सिमेंटनें कातडी भाजते हेंहि पुष्कळांस ठाऊक नसतें. हातांत रबरी मोजे घालावे, आणि माल अंगास लागल्यास लगेच स्वच्छ पाण्यानें धुवावा.

नवा माल

लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन नांवाच्या गवंड्यानें १८२४ सालीं आपल्या सिमेंटचा हक्क नोंदवून घेतला आणि इंग्लंडांतील पोर्टलंड येथल्या दगडासारखें तें दिसतें म्हणून त्यास पोर्टलंड सिमेंट असें नांव दिलें. आपल्याकडे पोरबंदर येथील कारखान्यांतून १९१४ पासून तें निघूं लागलें. त्यापूर्वीं आपले वाडे चुन्यांत उभे राहिले; घाणींत मळलेल्या त्या चुन्यांत गूळ, बेलफळ असे पदार्थ घालीत. त्याच्याहि मागें गेल्यास सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वज्रलेपावर स्वतंत्र अध्यायच लिहिला आहे; टेंभुर्णीचीं व कवठाचीं कच्चीं फळें, सांवरीचीं फुलें वगैरे पाण्यांत आटवून, त्यांत राळ, गुग्गुळ इत्यादि मिसळून तो लेप करावयास सांगितला आहे. या सर्वांत एक गोष्ट समान दिसते. लेप कोणताहि असो, त्याच्या गुणाचा मोठा वांटा करणाऱ्याच्या चिकाटींत असतो. दगड निसर्गानें पुरा करून दिलेला असतो. काँक्रीट हा दगड आपण करावयाचा असतो, आणि आपली घाई त्याच्या पोटांत जन्मभर राहते.

सिमेंट ताजें असावें. तीन महिन्यांहून अधिक पडून राहिलेल्या पोत्याचा गुण उतरतो. पोत्यांत हात घातला असतां गार लागावें, गुठळ्या नसाव्या. वाळू कांचेच्या पेल्यांत पाण्याबरोबर ढवळून तीन तास ठेवावी. वर बसलेला गाळ वाळूच्या थराच्या बाराव्या हिश्शाहून जाड असेल तर ती धुवून घ्यावी. नदीची वाळू हल्लीं दुर्मिळ झाली आहे. खडी दळून केलेली वाळूहि चालते, मात्र तींत पीठ फार नसावें. समुद्राची खारी वाळू कधींहि घेऊं नये. तिच्यांतील मीठ लोखंडास गंजवितें.

प्रमाण एक भाग सिमेंटास तीन भाग वाळू. भर दोन इंचांहून खोल असेल तर एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग बारीक खडी घ्यावी. आमच्या तीन पायऱ्यांना पाव पोतें सिमेंट पुरलें. पाणी हा सर्वांत नाजूक भाग होय. ५० किलोच्या पोत्यास सुमारें २५ लिटर, म्हणजे पाव पोत्यास सहा लिटरच्या आसपास पाणी लागतें, आणि वाळू ओली असेल तर त्याहूनहि कमी. थापीला माल पसरावयास सोपा जावा म्हणून जो तो पाणी ओतीत सुटतो. परंतु जास्तीचें पाणी पुढें उडून जातें व मागें बारीक पोकळ्या ठेवून जातें. मूठ वळली असतां मुटका टिकावा आणि बोटांतून पाणी गळूं नये, ही ओळख पुरे. कालवलेला माल अर्ध्या तासांत संपवावा. तो घट्ट होऊं लागल्यावर पुन्हा पाणी घालून सैल करणें म्हणजे शिळ्या भातास फोडणी देण्यापैकींच आहे. भात एक वेळ खपेल, माल खपणार नाहीं.

आदल्या दिवशीं सबंध खांच पाण्यानें तृप्त करून ठेविली होती; नाहींतर जुनें काँक्रीट नव्या मालांतलें पाणी शोषून घेतें. सकाळीं वरचें सांचलेलें पाणी फडक्यानें टिपून घेतलें. आंत ओल, पण वर चकाकी नाहीं, अशी स्थिति असावी. दुकानांत दुधासारखें पांढरें एक द्रव मिळतें. तें सिमेंटांत कालवून त्याचा लेप ब्रशानें दिला, आणि तो ओला असतांनाच माल भरला. हा लेप वाळूं दिला तर तो जोडण्याऐवजीं तोडण्याचें काम करतो. पायरीच्या तोंडाशीं फळी उभी करून तिला विटांचा टेंका दिला व फळीची वरची कड मूळ पायरीच्या उंचीशीं पाणसळीनें मिळविली. ही फळी म्हणजेच सगळ्या कामाचें व्याकरण. तिनें उंची चुकूं दिली नाहीं. माल थोडथोडा घालून कोंपऱ्यांत ठांसून बसविला, आणि गुरमाळ्यानें सपाट केला. घोटाई मात्र मुळींच केली नाहीं. उलट पृष्ठ थोडें खरखरीत ठेवून कडेपासून दोन बोटें आंत तीन समांतर रेघा ओढल्या, म्हणजे ओला पाय घसरूं नये; आणि पाणी सांचूं नये म्हणून बाहेरच्या अंगास अगदीं थोडा उतार दिला. कड टोंकदार न ठेवतां गोलसर केली. गोल कड कमी फुटते, आणि लोखंडी पट्टीची गरजच उरत नाहीं.

दहा दिवसांचें व्रत

येथपर्यंतचें काम दोन दिवसांचें होतें. खरें काम पुढचें, आणि तेंच मीं मागच्या खेपेस होऊं दिलें नव्हतें. "सिमेंट वाळलें" असें आपण सर्व म्हणतों. मीहि मुलांना तसेंच सांगत आलों. वस्तुतः सिमेंट वाळून घट्ट होत नाहीं. तें पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतें, आणि हा संयोग कित्येक आठवडे चालू राहतो. म्हणून तर काँक्रीटच्या ताकदीची परीक्षा २८ दिवसांनीं घेण्याचा परिपाठ आहे. मधेंच पाणी आटलें म्हणजे तें वाळतें खरें, पण त्याबरोबर त्याची वाढहि खुंटते. साध्या सिमेंटास निदान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटास, म्हणजे ज्या पोत्यावर 'पोझोलाना' असा शब्द असतो त्यास, निदान दहा दिवस ओल दिली पाहिजे. आमचें पोतें दुसऱ्या प्रकारचें होतें.

जें काम सर्वांचें तें कोणाचेंच नाहीं हा धडा ताजा असल्यामुळें मीं शाळेंतल्याप्रमाणें एक तक्ता करून मागील दारास लावला. पायऱ्यांवर गोणपाट अंथरलें, आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ तें भिजविण्याच्या पाळ्या नांवानिशीं वांटून दिल्या. सकाळची पाळी सुनांची, दुपारची माझी, संध्याकाळची मुलांची. मागचें दार तीन दिवस कडी लावून बंद ठेवलें, आणि त्यानंतरहि जड वस्तु तेथून नेऊं दिली नाहीं. पाळी चुकल्यास वहिनी उंबऱ्याशीं बसून नांव पुकारीत. हें काम त्यांनीं आपण होऊन पत्करलें होतें. हाताला आधार असावा ही सूचनाहि त्यांचीच. त्याप्रमाणें भिंतीच्या बाजूनें कमरेच्या उंचीचा एक लोखंडी नळ रंगवून बसविला. पायऱ्या करतांना कठडा लागतो हें सबंध घरांत एकट्या त्यांनाच सुचावें, यांत नवल नाहीं. पडणाऱ्यास जें दिसतें तें बांधणाऱ्यास दिसत नाहीं.

खर्चाचा हिशोब मीं दोन्ही वेळचा मांडून पाहिला. पहिल्या खेपेचें काम स्वस्त पडलें होतें. परंतु त्याच्या रकान्यांत मनगटाचें औषधपाणी मांडल्यावर दुसरें काम कितीतरी पटींनीं स्वस्त ठरलें. आणि वहिनींचा दोन महिने चुकलेला नेम तर कोणत्याच रकान्यांत मांडतां येईना.

चौदाव्या दिवशीं सकाळीं मीं गोणपाट उचललें. पायऱ्या दिसावयास कांहीं विशेष सुंदर नव्हत्या. जुन्या व नव्या काँक्रीटचा रंग निरनिराळा असल्यानें ठिगळ स्पष्ट दिसत होतें. वहिनींनीं तांब्या डाव्या हातांत घेतला, उजव्यानें नळ धरला, आणि त्या उतरल्या. आम्हीं सर्व दारांत उभे राहून श्वास रोखून पाहत होतों. त्यांनीं तुळशीला पाणी घातलें, प्रदक्षिणा घातली, आणि परत वर येऊन म्हणाल्या, "भाऊजी, पायरी होती कीं नव्हती, हेंच आज कळलें नाहीं."

दुरुस्तीस याहून मोठें प्रशस्तिपत्र मला ठाऊक नाहीं. त्या पायऱ्यांवरून आतां दोन पावसाळे गेले आहेत. प्रत्येक पावसाळ्यानंतर नातू हातोडी घेऊन ठोके देतो, आणि मी शेजारीं उभा राहून ऐकतों. अद्याप बद्द आवाज आलेला नाहीं. वाचकांच्या घरींहि अशी एखादी पायरी असेल, जिच्यावर सर्वजण नकळत पाऊल चुकवीत असतील. आज संध्याकाळीं दिवेलागणीपूर्वीं तिच्यावर चार ठोके देऊन पहावे, आणि आवाज पोकळ आला तर वरून हात फिरवूं नये. घरांतलें जें माणूस सर्वांत सावकाश चालतें, त्याची आठवण ठेवून मुळापर्यंत काढावें, आणि मग भरावें.